ब्रेंडनची सायकल

१४ एप्रिल १९९६, रविवार

जयंती झाली. मिरवणूक नाही, ढोलताशे नाहीत. इथं अमेरिकेत शॉमबर्गमधल्या एका शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला, फोटोला हार, वंदना, पोरांची इंग्रजीतली भाषणं आणि शेवटी थर्मोकोलच्या ताटल्यांत जेवण. नागपूरची आठवण काढायची नाही असं घरून ठरवून निघालो होतो. हार घालताना काढलीच.

ही वही नातीनं दिली. उपासना म्हणाली, "आबा, यू टॉक टू मच. राइट इट डाउन." सगळे हसले, मीही हसलो. पण बापा, मी बोलतो कुणाशी? अतुल सकाळी ऑफिसला, सूनबाई दीक्षा तिच्या औषधांच्या दुकानात, पोरगी शाळेत. दिवसभर तो फ्रिज गुरगुरतो, त्याला मीच मधूनमधून "हो रे" म्हणतो. राधा गेल्यावर अतुलनं नागपूरचं घर बंद करून मला इथं आणलं. त्याचा जीव तुटतो माझ्यासाठी, ते कळतं. पण जीव तुटणाऱ्या माणसाला वेळ नसतो, त्याला कोण काय करणार.

२६ एप्रिल

आज माझी चांगलीच फजिती झाली. फिरून परत आलो, किल्ली लावतो तर लागेना. पुन्हा लावली, हलवली, उपसली. इथली सगळी घरं एका साच्यातून काढल्यासारखी. तोच राखाडी रंग, तेच गराज, तीच टपालपेटी. दार आतून उघडलं आणि समोर उंच, लाल गालांचा, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पोलीस बोलावतो की काय!

तो म्हणाला, "आलास? किती उशीर केलास ब्रेंडन. चहा गार झाला."

मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. त्यानं मला हाताला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं, काळा कडक चहा दिला, वर पावाला लोणी लावून दिलं. अनोळखी माणूस दार खुडबुडतो आणि हा त्याला लोणी लावून पाव देतो! कोण म्हणतं या देशात माणुसकी नाही?

नाव टॉम गिलरॉय. मूळचा आयर्लंडचा, तरुणपणी इकडे आला. बायको नाही. आपल्यापासून चौथं घर.

२७ एप्रिल

जेवताना अतुलला विचारलं, तो मला ब्रेंडन का म्हणतो? अतुल म्हणाला, "बाबा, ज्ञानदेव त्यांना जमत नाही. मला नाही का ऑफिसात सगळे अल म्हणतात? आता तुम्हीपण अमेरिकन झालात."

उपासना म्हणाली, "आबा, यू डोन्ट लुक लाइक अ ब्रेंडन."

तर मी ब्रेंडन. वाईट नाही. या वयात फुकट नाव मिळतंय.

११ मे

अतुलनं कुणीतरी गराजमध्ये मांडलेल्या जुन्या सामानाच्या सेलमधून मला सायकल आणून दिली. गिअर भरमसाट. मी एकावर लावून ठेवलाय, तोच माझा. टॉमची सायकल मात्र बघण्यासारखी. काळी, उंच, मागं लोखंडी कॅरिअर, चेनवर पत्र्याचं झाकण. अगदी आपल्याकडच्यासारखी. म्हणाला, गावी अशीच होती म्हणून जुन्या बाजारातून शोधून घेतली.

बार्टलेट गावाच्या पुढं शेतं लागतात. तिथं पूर्वी रेल्वेचा फाटा होता. रूळ उखडून त्या जागी चुनखडीची बारीक चुरी अंथरून दाबलीय. चाकाखाली खसखस वाजते. मोटारी नाहीत, दोन्हीकडे मक्याची काळी रानं. मला एकदम राधाच्या माहेरचा रस्ता दिसला. तोही असाच सरळ, फक्त मुरमाचा, लाल. मी टॉमला म्हटलं, हा माझ्या सासुरवाडीचा रस्ता. हे पळस. ही कन्हान नदी (नदी म्हणजे एक डबकं होतं, त्यात बदकं). इथं बायको डबलसीट बसायला लाजायची, गाव आलं की उतरून चालायची.

टॉमला खेळ लगेच कळला. धान्याच्या पत्र्याच्या कोठीकडे बोट करून म्हणाला, "आणि ती डेअरी. वळणावर चर्च. मग चढ. चढावर उतरून ढकलायची, नाहीतर चेन पडते."

माझ्या रस्त्यावर त्याला पळस दिसले, त्याच्या रस्त्यावर मला चर्च दिसलं. किती दिवसांनी मी पोटातून हसलो.

मी प्रेसमध्ये कंपोझिटर होतो, शाळा चौथीपर्यंत. अक्षरं छपाईच्या खिळ्यांवरून, उलटी वाचत शिकलो. इंग्रजी मला उलटं वाचता येतं, पण सुलट ऐकू येत नाही. टॉमचं इंग्रजी तर तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं. तरी निम्मं कळतं. उरलेल्या निम्म्याला मी मान हलवतो.

२ जून

आता टॉमचा सगळा रस्ता मला पाठ झालाय. आधी स्टेशन. मग उंटाच्या पाठीसारखा पूल. डावीकडे डेअरी, मग वळणावर चर्च, मग चढ. चढ संपला की खडीची अरुंद गल्ली, तिच्या मधोमध गवत उगवलेलं, कारण गाडीची चाकं फक्त दोन कडांनी जातात. शेवटी दोन झाडं आणि चुन्यानं पांढरं केलेलं घर. रोज सांगतो. मला कंटाळा येत नाही, मीही राधाच्या गावचे तेच पळस रोज सांगतो.

आज बाकावर बसलो असताना त्यानं माझा हात घट्ट धरला. म्हणाला, घरात दोघा भावांत एकच सायकल होती. मी अमेरिकेला निघालो तेव्हा ती घेऊन स्टेशनवर गेलो. भाऊ म्हणाला होता, भिंतीला टेकवून ठेव, मी चालत येऊन घेऊन जाईन. "मी ठेवली. कुलूप नव्हतं. गाडी सुटली. तुला मिळाली का?"

मी मान हलवली.

"मला माफ कर," म्हणाला. डोळे भरलेले. "मी ती घरी पोचवायला हवी होती. जायच्या आधी एकदा ती घरी पोचवायचीय मला."

कुठं जायच्या आधी, ते विचारलं नाही. आमच्या वयात तो प्रश्न कुणी विचारत नाही. मी म्हटलं, पोचवू की. दोघं मिळून पोचवू.

किती हळवा माणूस. खेळातसुद्धा रडतो.

२३ जून

दीक्षा आज भाजी चिरता चिरता म्हणाली, "बाबा, गिलरॉय काका परवा समोरच्यांच्या घरात शिरले. सरळ त्यांच्या किचनमध्ये. ते लोक घाबरले."

मी म्हटलं, "घरं एका साच्याची असतील तर माणूस काय करणार? मीही शिरलोच होतो."

"त्यांना रस्ते लक्षात राहत नाहीत म्हणतात."

"मला राहतात का?"

"एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात."

"आणि मी?"

ती हसली, पण सुरी थांबली होती. "बाबा, तुम्ही लांब जाताना खिशात आपला फोन नंबर ठेवत जा. दोघांसाठी म्हणते मी."

पोरगी गुणाची आहे, पण काळजी फार करते. गाव सोडून आलेला म्हातारा असाच असतो. शब्द चटकन सापडत नाहीत, घर चुकतं, मन मागच्या रस्त्यावर असतं. टॉमला येऊन माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं झाली, म्हणजे त्याचं मन जास्त मागं असणार. यात आजार कसला?

१४ जुलै

टॉमची मुलगी मोरीन ॲरिझोनाहून आली होती. चांगली बाई. माझा हात हातात घेऊन बराच वेळ बोलली. माझ्या कानावर पडलेलं एवढंच, की उन्हाळा संपला की ती त्याला तिकडे नेणार. तिथं एक जागा बघितलीय, बाग आहे, माणसं सांभाळायला आहेत. घर विकणार.

"डॅड इज हॅपी विथ यू," म्हणाली आणि रडली. टॉम बाजूला बसून बुटाची नाडी बांधत होता. सुटायची, पुन्हा बांधायचा. ती गेल्यावर मला म्हणाला, "ती बाई कोण होती?"

मी मनात म्हटलं, रागावलाय मुलीवर. रागावला की माझा बापही आईला असंच म्हणायचा.

मग हळूच म्हणाला, "वेळ थोडा आहे ब्रेंडन. सायकल घरी न्यायला हवी."

१० ऑगस्ट

टॉमचे बूट दोन वेगवेगळे होते. एक काळा, एक तपकिरी. मी सांगितलं तर म्हणाला, घरी असाच आणखी एक जोड आहे. खूप हसलो दोघं. वाटेत मात्र चर्चचं वळण कुठलं ते त्याला आठवेना, मीच दाखवलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं लहान मूल जत्रेत सापडल्यावर बघतं.

१४ सप्टेंबर, शनिवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळी टॉम दारात उभा. कोट, टाय, केस पाण्यानं बसवलेले. "आज न्यायची," म्हणाला. मला वाटलं, नेहमीचा खेळ, आज जरा सणासुदीचा. मोरीन पुढच्या आठवड्यात येणार आहे, त्याआधी त्याची हौस होऊन जाऊ दे.

डेअरीच्या कोठीपाशी तो नेहमीसारखा माघारी वळला नाही. चुरीची वाट सोडून शेतातल्या खडीच्या रस्त्याला लागला. तिथली खडी जाड. चाक सरकायचं, दात वाजायचे. मी म्हटलं, टॉम, इकडे कुठं? म्हणाला, "रस्ता मला माहीत आहे." आणि खरंच, कुठं थांबणं नाही, विचारणं नाही. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मका डोक्याच्या वर गेलेला, पिवळा पडलेला. चढ आला. तो उतरला, मीही उतरलो. ढकलत वर गेलो. आणि वर खरोखरच एक गल्ली होती. मधोमध गवत. शेवटी दोन झाडं. पांढरं घर.

हा मेळ बसला कसा?

टॉमनं सायकल भिंतीला टेकवली, टाय नीट केला, दार उघडलं आणि आत गेला. "मॅम!" अशी हाक मारली. आईला मारतात तशी. त्या हाकेत वय नव्हतं.

आत एक तरुण बाई होती, कडेवर बाळ. ती किंचाळली. बाळ रडायला लागलं. टॉम मागं सरकला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मला म्हणाला, "ब्रेंडन, ही माणसं कोण? आपल्या घरात ही कोण माणसं? आई कुठाय?"

तेव्हा कळलं. इतक्या महिन्यांचं सगळं एका क्षणात कळलं. मला तो नाव देत नव्हता, भाऊच समजत होता. खेळ मी खेळत होतो. तो नव्हता खेळत.

दर रविवारी मी पंचशील घेतो. चौथं शील, खोटं बोलणार नाही. दीक्षाभूमीवर पहिल्यांदा घेतलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. मी टॉमचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "आई शेतावर गेलीय. ही पाहुणी आहे. मी ब्रेंडनच. सायकल मिळाली मला. मी रागावलो नाही."

माझं इंग्रजी तोडकंमोडकं. पण त्याला कळलं. खाली बसला तो. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. केवढा मोठा माणूस, आणि वजन असं काही नाहीच.

बाई भली निघाली. पाणी दिलं, माझ्या खिशातल्या नंबरावर फोन केला. मग पोलिसाची गाडी आली. डिकीत एकच सायकल मावली. घाईत माझीच घातली गेली. टॉमची तिथंच भिंतीला टेकलेली राहिली. गाडी वळली तेव्हा तो काचेतून मागं बघत होता. म्हणाला, "कुलूप नाही लावलं रे."

१५ सप्टेंबर

मोरीनचा फोन आला होता, दीक्षानं मला समजावून सांगितला. ब्रेंडन टॉमचा धाकटा भाऊ. टॉम इकडे आल्यावर काही वर्षांनी तो तिकडे छातीच्या आजारानं वारला. टॉमला जाता आलं नाही, नंतरही कधी गेला नाही. सायकलचं काय झालं ते कुणालाच माहीत नाही. ब्रेंडन स्टेशनवर गेला की नाही, मिळाली की चोरीला गेली, काही नाही.

अतुल मला रागावला. "बाबा, तुमच्या लक्षात कसं नाही आलं?" मग माझं तोंड बघून माझ्याजवळ येऊन बसला. ऑफिसचा फोन वाजला, उचलला नाही.

वंदनेला गेलो. सगळ्यांबरोबर म्हणत होतो. चौथ्या शीलाशी आवाज बसला. ओठ हलवले नुसते.

२८ सप्टेंबर

टॉम गेला. म्हणजे ॲरिझोनाला गेला. गाडीत बसवताना त्यानं माझ्याशी हात मिळवला, एखाद्या साहेबाशी मिळवावा तसा. "हाऊ डू यू डू," म्हणाला. मी म्हटलं, "फाइन, टॉम." ब्रेंडन म्हटला असता तर बरं वाटलं असतं. माणसाचा लोभ बघा, खोट्या नावाचासुद्धा सुटत नाही.

मोरीनला सायकलचं विचारलं. म्हणाली, राहू द्या, जुनं लोखंड ते, त्या शेतकऱ्यांना टाकून द्यायला सांगते. मी घाईघाईनं म्हटलं, नको. मी आणतो.

अतुल म्हणाला, पुढच्या वीकेंडला गाडीनं जाऊन आणू.

१२ ऑक्टोबर, शनिवार

मागच्या वीकेंडला अतुलचं ऑफिसचं काही निघालं, या वीकेंडलाही निघालं. सकाळी बूट घालत होतो, दीक्षानं बघितलं. "बाबा, मी सोडते ना गाडीनं. पंधरा मिनिटं लागतील फार तर."

म्हटलं, "चालतच जायचंय."

"एवढं लांब? कशासाठी?"

"ब्रेंडनला चालतच जायचं होतं ना. येताना सायकल, जाताना चालत. तसं ठरलं होतं त्यांचं."

ती आत गेली, पोळीत लोणचं गुंडाळून दिलं, माझी टोपी कानांवर ओढली. "दुपारी तिथून फोन करा. नाही केलात तर मी येईन घ्यायला. आणि मग माझं ऐकावं लागेल." राधा असंच धमकवायची.

चाललो. मका कापून झालाय, रानं मोकळी पडलीत, लांबलांबचं दिसतं. चुरीवर एकट्याच्या पावलांचा आवाज वेगळा येतो. कोठीपाशी बसून पोळी खाल्ली. आज हा राधाच्या गावचा रस्ता करून बघितला. पळस काही केल्या येईनात. चर्च आलं, पूल आला, डेअरी आली. सगळा त्याचाच रस्ता येत राहिला.

चढावर धाप लागली. गल्लीत गवत वाळलेलं. ती बाई अंगणात पानं गोळा करत होती. मला बघून दंताळं टाकून पुढं आली. सायकल गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवली होती तिच्या नवऱ्यानं, चाकांत हवाही भरली होती. "हाऊ इज युअर ब्रदर?" तिनं विचारलं.

म्हटलं, "ही इज फाइन."

तिथून घरी फोन केला आणि निघालो. सायकल माझ्या मानानं उंच, पाय जेमतेम टेकतात. वाटेतल्या छोट्या चढावर उतरून ढकलली. उतार लागला आणि कानांत वारा भरला. कितीतरी वेळानं लक्षात आलं की मी मोठमोठ्यानं रडतोय. रानात कुणी नव्हतं, म्हणून रडून घेतलं. टॉमसाठी, त्या ब्रेंडनसाठी. आणि राधा गेली तेव्हा लोक होते, तेव्हाचंही राहिलेलं होतं, तेही.

घरी आल्यावर दीक्षाला म्हटलं, ॲरिझोनाला लाव. मोरीन तिथंच होती, तिनं टॉमच्या कानाला फोन धरला. मी म्हटलं, "टॉम, मी चालत स्टेशनवर गेलो होतो. सायकल होती. भिंतीलाच होती, कुणी नेली नव्हती. घरी आणली."

पलीकडे नुसता श्वास. मला वाटलं, झोपला असेल. मग म्हणाला,

"चढावर उतरलास ना?"

"उतरलो. ढकलत नेली."

"चेन पडते तिची."

"नाही पडली."

मग अगदी बारीक आवाजात, "आई काय म्हणाली?"

दीक्षा समोर उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. तोवर जे बोललो होतो ते बरंचसं पायांनी खरं करून आलो होतो. हे कसं करणार?

म्हटलं, "म्हणाली, हातपाय धू आणि जेवायला बस."

"हो," टॉम म्हणाला. "तेच म्हणायची." आणि फोन मोरीनकडे गेला.

१३ ऑक्टोबर, रविवार

उद्या धम्मदीक्षेला चाळीस वर्षं होतील, म्हणून आजच हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. म्हातारा म्हणून मला पुढं उभं केलं. मी म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं. तीन शीलं म्हटली. चौथ्याशी थांबलो. मागं सगळे थांबले. कुणीतरी खोकलं. उपासना हळूच म्हणाली, "आबा?"

म्हटलं मग. ते बोल तोंडातून निघताना जड होते, पण निघाले.

घरी आलो. गराजमध्ये टॉमची सायकल भिंतीला टेकवलेली आहे. अतुल कुलूप घेऊन आला होता. मी म्हटलं, नको लावू.